वाटेची डावी बाजू

आपल्या झाडीत कोण कोण वावरतं ते कळावं म्हणून ह्यांनी किंजळाच्या खोडाला कॅमेरा बांधला होता. समोरून काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. हे गेल्यावरही ते फोटो बघायचं मी सोडलेलं नाही. आज शेजारची सुमन गवत न्यायला आली, तिलाही दाखवले. आधी साळिंदर, मग भेकर, मग उदमांजर. वाटेकडेला रानहळद फुललेली. पुढच्या फोटोत मी होते.

"काकू, काट्यांना घासून कशाला चालता? एवढी वाट मोकळी आहे की," सुमन म्हणाली.

खरंच मी उजवीकडच्या करवंदीच्या जाळीला चिकटून चालले होते. डावीकडे गवत माजतं. साप असला तर सरकावा म्हणून त्या अंगाने हे काठी आपटत चालायचे.

ती जनावरं एकेकटीच आली होती आणि वाटेच्या मधोमध चालत गेली होती. एकटं चालणं त्यांना शिकावं लागत नाही.

सुमन गेल्यावर मी फोटो मोठा करून पाहिला. माझ्या डावीकडे एका माणसापुरती वाट रिकामी होती, आणि मी तिकडे मान वळवून काहीतरी सांगत होते.