आत्तीच्या जबड्यावरची बोटं

कोल्हापुरातल्या ज्या दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटर पुसते, तिथंच माझ्या सासूच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. तिला मी आत्ती म्हणते. मोरीत घसरून तिचा उजवा हात मोडला होता. हितं ही असत्या, मला दुसरीकडं न्या, असं ती माझ्याकडं बघत मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आत जाईपर्यंत सांगत होती.

भूल देणारे डॉक्टर बाहेरून येतात, एक दवाखाना उरकून दुसरीकडे पळतात. त्यांनी आत्तीला झोपवलं, तोंडातून श्वासाची नळी बसवली आणि श्वास द्यायची पिशवी दाबली. बारीक फुस्स असा आवाज आला. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि तिच्या तोंडाशी कान नेला. हवा छातीत न जाता कडेनं निसटत होती. फट बुजवायला नळीच्या फुग्यात सिरिंजनं आणखी हवा भरली, तरी आवाज थांबेना. सिस्टर मोठ्या मापाची नळी आणायला कपाटाकडे धावली. डॉक्टरांचे हात अडकलेले. ते मला म्हणाले, "मावशी, हातमोजे घाला. कानाखालून जबडा वर उचला. सोडू नका."

मी उचलला. माझ्या आईबापाचा उद्धार केल्याशिवाय ज्या तोंडाला भाकरी गोड लागत नाही, ते तोंड माझ्या दोन्ही हातांत होतं. आवाज कमी झाला. बोटांना कळा आल्या, तरी सोडलं नाही. मोठी नळी बसल्यावर डॉक्टरांनी पुन्हा कान लावला आणि मान डोलावली.

वॉर्डात आत्तीचा आवाज बसलेला आणि दोन्ही कानांखाली निळे वळ. "हिनं माझा गळा दाबलाय. बोटं बघा की," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या बायका उठून बघायला आल्या.

मालकांनी मला विचारलं, "तुझी बोटं हाईत?"

"व्हय," मी म्हटलं. पुढचं सांगेपर्यंत आत्तीनं रडायला सुरुवात केली आणि त्यांनी माझ्याकडे पाठ केली. डॉक्टर केव्हाच दुसऱ्या दवाखान्यात गेले होते. सिस्टरनं सगळं समजावून सांगितलं, तर आत्ती म्हणाली, ती हिचीच मैतरीण.

आता घरी तिला मीच भरवते, कारण उजवा हात बांधलेला आहे. आलेल्या पावण्यांसमोर ती तोंड घट्ट मिटते. "आदी तू खा," म्हणते. मालक ऐकतात आणि आपलं ताट उरकतात.

मी खाते. तिच्या डोळ्यांत बघत, सावकाश चावून खाते. मग पुढचा घास तिच्या तोंडात कोंबते, चांगला मोठा.