मागच्या बॅटरीचं अर्थिंग

पप्पांचं जिंतूरला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मला तिथं एकाच कामासाठी बोलावणं यायचं: नव्या सामानासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायला. मी वाचायचे, पप्पा वायर सोलत ऐकायचे. मी पान्याला हात लावला की म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, हात काळे हुतील." स्टुलावर बसून मी किती शिकले होते, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात पुण्याची एक मुलगी स्वतःची व्हॅन घेऊन आली. ती त्यातच राहायची. फ्रिज-पंख्यासाठी मागे वेगळी बॅटरी होती, ती चालत्या गाडीवर भरावी म्हणून नवा चार्जर बसवायचा होता. पप्पांनी मला बोलावलं. मी पोचले तर पुस्तक तिच्याच हातात. वाचून, मराठीत समजावत होती. माझ्यापेक्षा नीट.

"लय हुशार हायस बेटा," पप्पा म्हणाले. मला ते कधी बेटा म्हणालेले नाहीत.

"काका, अर्थिंग मी लावू?"

"लाव की. ह्यो घे पाना."

मी चहाचे ग्लास धरून उभी होते. तिनं अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टनं आवळली, पण खालचा रंग खरवडलाच नाही. रंगावर अर्थिंग धड लागत नाही. दिवा लागतो, बॅटरी भरत नाही. पप्पा तेव्हा पुढे इंजिन चालू करत होते, त्यांना ते दिसलं नाही. चार्जरवर हिरवा दिवा लागला, दोघं खूश झाले. मी रिकामे ग्लास घेऊन घरी आले. बिघडू दे, असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पप्पांचा डबा घेऊन दुकानात गेले, तेव्हा ती जवळच्या चारठाण्याची मंदिरं बघून परत आली. "काका, मागची बॅटरी पार उतरली."

पप्पांनी फ्यूज पाहिला, चार्जर पाहिला. काही सापडेना. शेजारचा टायरवाला ओरडला, "काय उस्ताद, पुण्याच्या गाडीनं घाम फोडला का?"

पप्पा हसले नाहीत. त्यांच्या हातचं काम कधी परत आलेलं नव्हतं.

"पप्पा, अर्थिंगखाली रंग आहे," मी म्हणाले.

त्यांनी बोल्ट सोडला. पांढरा रंग जसाच्या तसा.

"तू कवा बगितलंस?"

"काल. ती लावत होती तेव्हा."

 त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हातात दिला. "घास."

मी व्हॅनच्या मागच्या दारातून आत सरकले. ती शेजारी टॉर्च धरून बसली. "थँक्स गं, माझ्या लक्षातच नाही आलं," म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पत्रा चमकायला लागला, तरी घासतच राहिले.