बाई महाडलाच जायच्या

सहलीच्या यादीत मी पोरांच्या जाती लिहून पाठवल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. भोरच्या अलीकडच्या गावात ज्या पाटलांकडे आमचं जेवण ठरलं होतं, त्यांनी 'किती पानं?' एवढंच विचारलं होतं. मी शाळेचं रजिस्टर पुढ्यात घेतलं आणि सगळे रकाने सुवाच्य अक्षरात उतरवले... अक्षरासाठी बक्षीस मिळालेला माणूस मी.

तीन आठवड्यांपूर्वी महादेवी बाई गेल्याचं कळलं, तेव्हा आधी ती यादीच आठवली. अक्कलकोटकडच्या या बाई सोलापुरात आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या आणि दरवर्षी नववीची पोरं एसटी ठरवून महाडला न्यायच्या. ज्या तळ्याचं पाणी प्यायला माणसांना सत्याग्रह करावा लागला, ते पुस्तकात बघून भागत नाही, म्हणायच्या. संस्थाचालक दरवर्षी वेरूळ सुचवायचे. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि महाडलाच जायच्या.

त्या वर्षी पाटलांच्या दारात उतरलो, तर पडवीत पाट मांडलेले आणि गोठ्यापाशी उघड्या जमिनीवर सात पत्रावळी. "तुमच्याच मास्तरांनी लिवून धाडलंय न्हवं?" पाटील म्हणाले. बाईंनी यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं. मी गाडीचं टायर तपासू लागलो. "साकू," बाई कन्नडमध्ये म्हणाल्या, म्हणजे पुरे. "एका पंगतीत वाढणार असाल तर जेवू." ते आपल्या घरात जमायचं न्हाय, असं पाटलांनी सांगताच चाळीस पोरं उपाशी गाडीत चढली.

त्या सातांतली शेवंता खिडकीकडे तोंड करून बसली होती. "बाई, मला घरी सोडा."

"सोडते की. आधी तुझं पाणी पिऊन होऊ दे."

घाट उतरून महाडला पोचलो. तळ्याच्या पायऱ्यांवर बाईंनी तिला सगळ्यांत पुढं उभं केलं. ती वाकली, ओंजळभर प्यायली, आणि पुन्हा ओंजळ भरून बाईंपुढे धरली. बाई तिच्या हातून प्यायल्या. मग पोरांची रांगच लागली. सगळ्यांत शेवटी मी. मलाही पाजलं तिनं, पण थोडंसंच. नंतर पिशव्यांतल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी हातोहात फिरली.

परवा शोकसभेत संस्थाचालकांनी जाहीर केलं की बाईंच्या माघारी आता महाड बंद, यंदापासून वेरूळ. नंतर मी बोलायला उभा राहिलो. बाईंबद्दल बरंच पाठ करून आणलं होतं, पण 'आता पोरांना तिकडं कोण नेणार' एवढं म्हणून मला हुंदकाच आला. मागून शेवंता उठली. ती आता माढ्याला शाळेत शिकवते.

"मी नेणार," ती संस्थाचालकांकडे बघत म्हणाली. "शाळेनं न्हाय धाडली तर पोरांच्या आयाबापांना भेटीन. गाडी सांगून ठेवलीय."

संस्थाचालक चष्मा पुसत राहिले. मी डोळे पुसून म्हणालो, "शेवंता, मीही येतो."

"या की, सर," ती म्हणाली. "पण कुटल्या कामाला हात लावू नका."