कडुनिंबाखालचा ॲल्युमिनियमचा दवाखाना

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाकडे दोन गोष्टी साचतात, औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या निदान भंगारवाला नेतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, उलट नेकनूरच्या आमच्या कट्ट्यावर येणारा प्रत्येक जण त्यात भर घालून जातो! त्यातले काही एकाच ट्रेलरचे आहेत. तो बारा दिवस माझ्या अंगणात कडुनिंबाखाली उभा होता.

ट्रेलर डॉक्टरबाईंचा. त्यांच्या सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी घेतलेला, विलायती बनावटीचा, सगळा ॲल्युमिनियमचा. आत डोळे तपासायची अंधारी खोली, भिंतीला बोल्टने आवळलेलं मशीन आणि चष्म्यांचं कपाट. दसरा झाला की तो जीपमागे जोडून बाई गावोगाव फिरायच्या आणि ऊसतोडीला निघालेल्यांचे डोळे तपासायच्या. यंदा मांजरसुंब्याच्या चौकात एका ट्रॅक्टरने रिव्हर्स घेतला आणि ट्रेलरची डावी बाजू आत गेली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मला वाटलं ढाब्याचा फ्रिज हाय!"

माझ्या अंगणाचं फाटक रुंद, म्हणून ट्रेलर माझ्याकडे आला. माझी लायकी एवढीच.

*

आधी विम्याचा माणूस आला. ट्रेलरभोवती फिरला, फोटो काढले आणि मला विचारलं, "याचं मॉडेल काय लिहू?"

मी म्हटलं, "आमच्या ऑफिसात असं काही आलं की आम्ही 'इतर' लिहायचो."

त्याने 'इतर' लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, 'भंगार'. छत्तीस वर्षं कारकुनी केली, पण इतका थोडक्यात शेरा मला कधी जमला नाही!

शहरातल्या गॅरेजने दोन महिने मागितले. ऊसतोडीच्या टोळ्या पंधरा दिवसांनी निघणार होत्या.

*

मग युसूफभाई आले. आयुष्यभर पातेली ठोकली, आता दुकान मुलाकडे. कोणाशी न बोलता ट्रेलरला एक फेरी मारली. बोटाच्या पेराने पत्रा वाजवत गेले. जिथे चेपला होता तिथे कान लावून थांबले. कुठल्या डॉक्टरकडे असं पोट तपासून घ्यायला मी कधी गेलो असतो तर मलाही इतकं लक्ष मिळालं नसतं.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"जिता हाय," युसूफभाई म्हणाले. "भाऊसाब, घरात अंगाचा साबण हाय का?"

मला वाटलं, हात धुवायचे असतील. त्यांनी अख्खी वडी पत्र्यावर घासली आणि मागून गॅसच्या बत्तीची आच धरली. ॲल्युमिनियम किती अंशाला मऊ होतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, ते मी ऐकवलंही. ऐकून घेतलं त्यांनी. साबण काळा पडला, आच बंद. "बस. ह्याच्या म्होरं गेलं की पत्रा रडतो, इरघळतो." पत्रा गार झाल्यावर लाकडी हातोडीने हळूहळू बाहेर आला, जणू झोपेतून उठतोय.

माझा पुस्तकी आकडा तसाच राहिला. घरातून बायको म्हणाली, "साबण माझा नवा, आणि ज्ञान यांचं!"

*

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, मारायला दोन माणसं लागतात. बाहेरचा ठोकतो, आतला मागून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून खुणा ठरलेल्या. आतून एक टकटक म्हणजे बसला, दोन म्हणजे अजून मार.

आत मी होतो. पहिले चार रिव्हेट वाकडे झाले.

बाहेरून आवाज आला, "भाऊसाब, नोकरीत हातात काय धरत व्हता?"

"पेन."

"मग तसं धरू नका!"

ते चारही त्यांनी काढून पुन्हा मारले. पुढे मात्र आमचं जमलं. दोनशेच्या वर रिव्हेट मारले आम्ही, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी खूण द्यायच्या आधीच युसूफभाई पुढच्या भोकावर गेलेले असतात. आवाजावरूनच त्यांना कळत होतं. मग मी आत कशाला टकटक करत होतो? विचारलं नाही. निवृत्तीनंतर तरी कामाचा उपयोग विचारू नये.

*

कौसाबाई रोज यायची. गल्लीतलीच, दरसाल नवऱ्याबरोबर तोडीला जाणारी. मागच्या हंगामात ऊस समजून तिने कोयता स्वतःच्या बोटावर मारला होता. डाव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं.

"झालं का, चाचा?" युसूफभाईंना विचारायची.

"न्हाई अजून."

"डोळं दावाया बीडला जायला एक रोज मोडतो. असंच गेले तर हे नऊबी ऱ्हात न्हाईत बघा," म्हणायची आणि हसायची. आम्ही कोणी हसायचो नाही.

दहाव्या दिवशी ती धापा टाकत आली. "मुकादमानं निरोप धाडलाय. गाडी सोमवारी न्हाई, परवाच सकाळी!"

युसूफभाईंनी तोंडातली सुपारी थुंकली. "मग परवा सकाळी."

एका शहाण्याने सुचवलं, राहिलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारा. युसूफभाई त्याला म्हणाले, "मोडल्या हाडाला पावडर लावतो का बे?" तो पुन्हा आला नाही.

*

आदल्या दुपारी पाण्याची परीक्षा झाली. विहिरीच्या मोटारीचा पाइप छतावर धरला तासभर. आत मी आणि डॉक्टरबाई कोरड्या भिंतींकडे बघत बसलो. एकच थेंब पडला. तो माझ्या घामाचा होता.

संध्याकाळपर्यंत अख्खा कट्टा ट्रेलरभोवती जमला होता. कुठे चेपला होता ते शोधायची पैज लागली. हात फिरवून, तिरके होऊन, एकाने तर भिंग आणून पाहिलं. कोणालाच सापडेना. युसूफभाई कडेला बसून चहा पीत होते.

*

परवाची सकाळ. गाडी रस्त्यावर उभी, मुकादम हॉर्न वाजवतोय, अंगणात बायकांची रांग. पहिली कौसाबाई. आत गेली, बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा नाकावर चष्मा होता.

ती पायऱ्या उतरली, फाटकापर्यंत गेली आणि वळून ट्रेलरकडे पाहत राहिली. मुकादम ओरडला, "चल की!" तिने ऐकलं नाही.

"चाचा," ती तिथूनच म्हणाली, "खालून तिसऱ्या वळीतला त्यो खिळा जरा तिरका बसलाय का?"

मी पत्र्याला नाक लावून पाहिलं. होता, केसभर.

युसूफभाईंनी चहाचा कप खाली ठेवला, गमछ्याला हात पुसले आणि दारातून आत डोकं घातलं.

"डॉक्टरबाई, हिचा नंबर बराबर निघाला. म्होरचीला बोलवा."