खडूची खूण

खाडीच्या धक्क्यावर एक जोडपं जुनी मोटरबोट विकत घेऊन दुरुस्त करतंय. थंडीत तिच्यातूनच दोघं किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जाणार आहेत. संध्याकाळी फिरायला गेले की मी तिथे उगाच रेंगाळते.

कुजलेलं लाकूड शोधायला तो बाहेरून फळ्यांवर हातोडी हलकेच ठोकत जातो. ती आत बसून कान लावते. "इथे बद्द वाजतंय," ती आतून म्हणते. तो लगेच तिथे खडूने फुली मारतो आणि पुढे सरकतो. पुन्हा ठोकून बघत नाही.

बोटीचा मला हेवा नाही, मला बोट लागते. मी जळते ती त्या फुलीवर.

काल घरी मी ह्यांना म्हटलं, "मोरीतला नळ गळतोय." हे उठले, मोरीत जाऊन बघून आले आणि म्हणाले, "हो, गळतोय."