बारा कुलपं आणि यशोदावहिनींचा हंडा

त्या दिवशी चैत्राचं ऊन असं तापलेलं, की ठाण्याच्या टेंभी नाक्यावरची कुत्री आमच्या चाळीच्या जिन्याखाली येऊन जिभा काढून पडलेली. खाडीकडचा वारा साफ बंद. चोरांच्या गोष्टींचं असं आहे बघा, एकाने एक काढली की दुसऱ्याच्या तोंडावर दोन तयार! माझ्याकडे तर एका चाळीतल्याच गाठोडंभर आहेत. मला लिहिता येत नाही. मी सांगतो, नात उतरवते.

तर त्या दिवशी पुढच्या ओट्यावर बायका पापड लाटत होत्या, आणि मागे धुऊन पालथी घातलेली भांडी कुणीतरी उचलून नेली. हवालदार घामाघूम होऊन आले. म्हणाले, "आधी पाणी द्या."

माझी शेजारीण शेवंताबाई म्हणाली, "आधी तांब्या शोधा!"

*

सगळ्यांना घोर होता तो यशोदावहिनींचा. नवरा गेलेला. पापड-लोणची विकून त्यांनी पोरीच्या, कुसुमच्या लग्नासाठी एकेक भांडं जमवलेलं. त्यात कुसुमचं नाव घातलेला मोठा तांब्याचा हंडा. "हा गेला तर पोरीला रिकाम्या हाताने पाठवू का?" त्या विचारायच्या. लग्न वैशाखात. मग सगळी चाळ बंदोबस्ताला लागली!

अण्णा आमचे पुढारी, मुंबईला ऑफिसात क्लार्क. बायको माहेरी गेलेली, म्हणून त्यांनी कुलूप लावून दाराबाहेर नव्या वहाणा ठेवल्या. चोराला वाटावं, आत माणूस आहे. संध्याकाळी आले तर कुलूप जागच्या जागी, वहाणा गायब!

मी म्हटलं, "अण्णा, चोर काय फसला नाही."

"फसला तर! आत माणूस आहे असंच समजला. घरात बसलेल्याला वहाणा कशाला लागतात?"

*

मग शिट्ट्या आल्या. अनोळखी माणूस दिसला की वाजवायची.

एका दुपारी शेवंताबाईने अशी फुंकली, की सगळ्या बायका लाटणी घेऊन धावल्या. मध्ये एक गृहस्थ, दोन्ही हात वर, एका हातात पेढ्यांचा पुडा. कुसुमचे होणारे सासरे! यशोदावहिनींना वाटलं, आता लग्न मोडतंय!

सासरे हळूच म्हणाले, "यशोदाबाई, मुलगी तर द्याच. जमलं तर ही शिट्टीवाली मावशीपण द्या!"

*

अण्णांनी मुंबईहून डझनभर कुलपं आणली. एकदम घेतली म्हणून स्वस्त पडली. प्रत्येक खोलीला एक.

एकदा मी गिरणीत शिफ्ट करून दमून आलेलो. कुलूप काढलं, बघतो तर चुलीवर गरम भात-आमटी. म्हटलं, कुणीतरी पाठवलं असणार. पोटभर जेवलो. तेवढ्यात शेवंताबाई दारात.

"कशी झालीय आमटी, तुकाभाऊ?"

"फस्क्लास!"

"असणारच! माझ्या घरात बसलायत तुम्ही!"

मग लावून बघितलं. एकाच किल्लीने बाराही कुलपं उघडत होती! मी म्हटलं, बदलूया. अण्णा म्हणाले, "कशाला? किल्ल्या चोराकडे आहेत का? आपल्याकडेच आहेत ना!"

*

लग्नाच्या आदल्या दिवशी मी पहाटेच गिरणीत गेलेलो. यशोदावहिनी कुसुमला घेऊन देवीची ओटी भरायला गेलेल्या. अण्णांना वाटलं, वहिनींची खोली पडली रस्त्यालगत, त्यापेक्षा तुकाची बरी, शेवटची, खिडकीला गज आहेत. त्यांनी आपल्या किल्लीने दोन्ही कुलपं काढली, भांडी माझ्या खोलीत नेऊन ठेवली आणि गाडीची वेळ झाली म्हणून पळाले. संध्याकाळी येऊन सांगू म्हणाले असतील.

यशोदावहिनी आल्या. खोली रिकामी! रडल्यासुद्धा नाहीत, नुसत्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. लोक त्यांना धरून चौकीवर घेऊन गेले. मागे राहिली एकटी शेवंताबाई. ती शोधत शोधत माझ्या खिडकीपाशी आली आणि गजांतून आत बघितलं.

दुपारी मी आलो तर चाळीत आनंदीआनंद! चौकीवरून परत येऊन बघतात, तर भांडी होती तिथेच. यशोदावहिनी हंड्याला हळदकुंकू लावतायत, हसतायत, रडतायत. हवालदारसुद्धा हात जोडून उभे. "देवीनेच आणून ठेवली!" सगळे म्हणत होते. मीही हात जोडले.

शेवंताबाईने मला जिन्याखाली ओढलं. आजूबाजूला बघितलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी मायेने म्हणाली, "तुकाभाऊ, मी मेले तरी कुणाला बोलणार नाही. पण पुढच्या वेळी पातेली उचला हो, तो हंडा परत ठेवताना माझी कंबर मोडली!"