वन्संची गच्ची

माझ्या नणंदेबद्दल चांगलं लिहा असं कोणी सांगितलं, तर मी दोन ओळींच्या पुढे जाऊ शकणार नाही. त्या कपडे स्वच्छ धुतात. कोणाचा रुमालसुद्धा हरवत नाहीत. झालं. बाकीचं आयुष्य त्यांनी भांडणात घालवलं, आणि त्यातलं बरंचसं माझ्याशी.

आमचं घर बंदरावरच्या टेकडीला आहे. तळमजल्यावर वन्संची धुलाई, मध्ये मी, वर गच्ची. सासऱ्यांनी मधला मजला मुलाला दिला, तळ आणि गच्ची मुलीला. माझे यजमान गेले आणि मी मध्येच राहिले. वन्सं खाली धुतात, पिळलेल्या चादरींच्या बादल्या जिन्याने वर नेतात, आणि त्या चादरींचं पाणी माझ्या बाल्कनीत ठिबकतं. खुर्चीवर, कुंड्यांवर, एकदा तर उघड्या पुस्तकावर. मी ओरडायचे, "वन्सं, पाणी!" वरून उत्तर यायचं, "पाणीच आहे ना? मग पुसा!" रस्त्यावर सगळे त्यांना ‘निखारा’ म्हणतात. समोर म्हणायची कोणाची छाती नाही.

आमच्या रस्त्याच्या दोन टोकांना दोन बड्या देशांच्या वकिलाती आहेत. एकीचं फाटक निळं, एकीचं हिरवं. देशांची नावं इथे कोणी घेत नाही, फाटकांचीच घेतात. आमच्याकडे तेल येतं निळ्यांकडून आणि गहू हिरव्यांकडून, त्यामुळे एकाला नमस्कार करताना दुसऱ्याकडे पाठ होऊ नये म्हणून सरकारला सतत गिरकी घ्यावी लागते. वन्सं गिरक्या घेत नसत. दोन्ही फाटकांचे टेबलक्लॉथ त्यांच्याकडेच यायचे, त्यावरच त्यांचं पोट चालायचं. "दोघांचीही खरकटी सारखीच," असं त्या दोघांच्याही शिपायांना ऐकवायच्या.

आधी निळ्या फाटकाचे साहेब आले. गच्चीवरून अख्खं बंदर दिसतं. तिथे त्यांना हवामान मोजायचं यंत्र बसवायचं होतं. दोऱ्या काढाव्या लागतील, पण त्या बदल्यात कपडे वाळवायचं मोठं मशीन देऊ, म्हणाले.

"ऊन फुकट आहे," वन्सं म्हणाल्या. "तुमच्या मशीनचं विजेचं बिल काय तुमची राणी भरणार?"

त्यांच्याकडे राणी नव्हती. साहेब गोंधळून निघून गेले. पंधरवड्यात हिरव्या फाटकाचे साहेब आले. त्यांनाही हवामानच मोजायचं होतं.

"एवढ्याशा टेकडीवर दोन दोन देशांना हवामान कशाला लागतंय?" वन्संनी जिन्यात उभं राहून विचारलं, रस्ताभर ऐकू जाईल असं. कोण कोणाच्या जहाजांवर डोळा ठेवणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मग परराष्ट्र खात्यातला एक अधिकारी आला. मऊ आवाजाचा, बसायच्या आधी खुर्ची रुमालाने झटकणारा. वन्संनी त्याला उलट्या बादलीवर बसवलं.

"मावशी, एकाला हो म्हटलं तर दुसरा चिडणार. सरकारने नाही म्हटलं तर दोघंही चिडणार. तुम्ही नाही म्हणा."

"ते मला जन्मापासून जमतं."

"म्हणूनच आलोय," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं.

त्यानंतर तमाशा सुरू झाला. अधिकारी कधी निळ्या साहेबांना घेऊन यायचा, कधी हिरव्या. वन्सं कमरेवर हात ठेवून त्यांची पूजा बांधायच्या. अधिकारी कपाळ पुसत सांगायचा, "काय करणार साहेब! आमचा कायदाच असा आहे. मालकिणीची मर्जी नसेल तर सरकारलासुद्धा गच्चीवर पाऊल टाकता येत नाही." साहेब लोक मान डोलावून परत जायचे. असा कायदा मी कधी ऐकला नव्हता. पण एका तोंडाळ बाईच्या पदराआड अख्खं मंत्रिमंडळ लपलेलं बघून मला हसू यायचं आणि रागही. वन्संची तर मान इतकी ताठ झाली, की जिन्यात त्यांना वाट द्यायला मला भिंतीला चिकटावं लागायचं.

दोन वर्षं असं चाललं. मग हिरव्यांचा संयम सुटला. गव्हाचं जहाज बंदराबाहेर येऊन उभं राहिलं आणि आत येईना. कागदपत्रं अपुरी आहेत, असं सांगण्यात आलं. बेकरीसमोर रांग लागली, पाव निम्म्याने लहान झाला. ते जहाज सगळ्यात छान दिसायचं ते वन्संच्या गच्चीवरून.

"काय हो बाई," बेकरीवाल्याने भर रांगेत विचारलं, "आता तुमच्या चादरी भाजून खाऊ का आम्ही?"

"खा. पण आधी धुऊन घेईन, तुमच्या हाताची खात्री नाही."

कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या चादरींवर खालून कोणीतरी चिखलाचे गोळे मारले. वन्संनी त्या पुन्हा धुतल्या. अर्थात पाणी पुन्हा माझ्याच बाल्कनीत.

अधिकारी परत आला तो आधी माझ्याकडे. "वहिनी, तुम्ही त्यांना समजवा. हिरव्यांना हो म्हणायचं ठरतंय. तुमच्या डोक्यावरचं ठिबकणंही थांबेल." खुर्ची, कुंड्या, सगळं त्याने बघून ठेवलं होतं. मी त्याच्याबरोबर वर गेले ते वन्संना समजवायला नव्हे. त्यांची जिरलेली बघायला गेले.

वन्सं दोरीला चिमटे लावत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाही म्हटलं तेव्हा तुमची सोय. आता हो म्हणू, तर तेही तुमच्याच सोयीने. या दोऱ्या गेल्या की मी काय वाळवू? तुमचं भाषण?"

"मावशी, देश उपाशी राहील."

"तर मग देशाने स्वतःच्या तोंडाने हो म्हणावं. माझं तोंड कशाला?"

"उद्या हिरवे साहेब येतील," अधिकाऱ्याचा आवाज आता मऊ नव्हता. "नीट बोला. धुलाईचा परवाना सरकारच देतं, हे विसरू नका."

दुसऱ्या दिवशी अधिकारी हिरव्या साहेबांना घेऊन गच्चीवर आला, सोबत मोजायची फीत घेतलेला एक माणूस. मागोमाग मीही गेले. तो मोजमाप घ्यायला वाकला, तशी वन्संनी ओली चादर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये टाकली.

"साहेब, एक सांगा. मालकिणीच्या मर्जीशिवाय सरकारलासुद्धा इथे पाऊल टाकता येत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

हिरव्या साहेबांनी अधिकाऱ्याकडे बोट केलं. "यांनी. आणि तुमच्या मंत्र्यांनी."

"मग माझी मर्जी नाही."

"मावशी, कायद्यात काही सोय काढता येते..." अधिकारी घाईने म्हणाला.

हिरवे साहेब त्याच्याकडे वळले. "सोय आहे? दोन वर्षं नव्हती ती?"

अधिकारी रुमालाने कपाळ पुसू लागला.

"असेल तर सांगून टाका," वन्सं म्हणाल्या. "दुपारी निळ्या फाटकाचा शिपाई टेबलक्लॉथ न्यायला येणार आहे. त्यालाही सांगते. दोन वर्षं तुम्हाला नव्हती, आता यांच्यासाठी निघाली म्हणावं."

चादरीचं पाणी अधिकाऱ्याच्या बुटावर ठिबकत होतं. त्याने पाय हलवला नाही.

"नाही," तो अखेरीस म्हणाला. "सोय नाही."

परवान्याला त्याने हात लावला नाही; लावला असता तर वन्सं ती ‘सोयी’ची गोष्ट निळ्यांना सांगून मोकळ्या झाल्या असत्या. हिरव्यांना दाखवायचा कायदा आता त्यालाही पाळावा लागत होता. गव्हाचं जहाज आत आलं, म्हणजे हिरव्यांना दुसरं काहीतरी मिळालं असणार. काय, ते वर्तमानपत्रात आलं नाही. हिरव्या फाटकाने टेबलक्लॉथ पाठवणं बंद केलं. मग निळ्यानेही केलं. आपल्या नकळत हिरव्यांना मोजायला गच्चीवर नेलं, याचा राग त्यांनी काढला कोणावर, तर वन्संवर. बेकरीवाला अजून त्यांना शिळा पाव देतो.

महिनाभर वर एकही चादर नव्हती. माझी बाल्कनी कोरडी राहिली. मी खुर्ची मधोमध ओढली, पुस्तक उघडलं, आणि पान उलटायच्या ऐवजी वर कान लावून बसू लागले. जिन्यात बादली आपटत नव्हती. अशा बाईची एवढी सवय व्हावी, हा माझ्यावरचा अन्यायच.

मग एका सकाळी पुस्तकावर थेंब पडला. मी मान वर केली. इस्पितळाचा शिक्का मारलेल्या चादरी, जाड्याभरड्या, ओळीने.

"वन्सं, पाणी!"

"पुसा!" वरून आवाज आला. "आजपासून रोज पुसायचंय!"